तिसऱ्या लेव्हलची काजवी

भद्रावतीत विनोद देवगडेला बहुतेक लोक ‘रक्तवाला विनोद’ म्हणून ओळखतात. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक खाजगी लॅब आहे, तिथे तो टेक्निशियन आहे. सकाळी ऊन चढायच्या आत मोटरसायकलला थंड डबा अडकवून तो घरोघरी फिरतो, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे रक्त काढतो आणि मग दुपारभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो. हात असा हलका की सुई टोचली हे कळायच्या आत कापूस दाबलेला असतो. कॉलनीतल्या आयाबाया तर दुसरा कुणी आला तर बाहीच वर करत नाहीत.

हात हलका, पण मन तसे नाही. काळजी करणे हा त्याचा पिंडच. गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणार. फोन उचलला की ‘हॅलो’च्या आधी ‘काय झालं?’ विचारणार. आई म्हणते, “हा पाळण्यातही एक डोळा उघडा ठेवून झोपे.”

आईचे बोलणे गमतीचे, पण काळजीला कारण होते. विनोदहून सात वर्षांनी लहान बहीण रंजीता हिला सिकलसेल आहे. रक्तातल्या लाल पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकून बसतात, आणि मग हाडांत, छातीत अशा कळा उठतात की माणूस उशी दाताखाली धरतो. आपल्या भागात हा आजार कुणाला नवा नाही. आईकडून एक आणि बाबांकडून एक असे आजाराचे दोन्ही वाटे रंजीताला आले. विनोदला एकच आला, त्यामुळे त्याला काहीच त्रास नाही. यात कुणाचा दोष नसतो, हे तो लॅबमध्ये येणाऱ्या आईबापांना फार चांगले समजावून सांगतो. स्वतःला मात्र त्याला आजवर समजावता आलेले नाही.

नागपूरला लॅबचा कोर्स करताना होस्टेलच्या मित्रांकडून तो एक खेळ शिकला होता. टेबलाभोवती चार-पाच जण बसायचे. एकजण गोष्ट सांगणारा, म्हणजे खेळवणारा. बाकीच्यांनी प्रत्येकी एक पात्र घ्यायचे, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. खेळवणारा सांगतो, पुढे दार आहे, आत कुणीतरी घोरतो आहे, काय करता? खेळणारे ठरवतात, आणि ते जमले की फसले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो, आकडा मोठा आला तर जमले. संकटे पार केली की अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की पात्र एक पायरी वर चढते. त्या पायरीला लेव्हल म्हणायचे. लेव्हल वाढली की पात्राचा जीव वाढतो, त्याचा मार जड होतो, आणि समोर येणारी संकटेही त्याच मापाची मोठी होतात.

कोर्स संपवून विनोद घरी आला त्या हिवाळ्यात रंजीताचे दोन्ही हात सुजले होते. कॉलेज बुडाले होते. ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एका दुपारी विनोद तिच्या खाटेजवळ बसला आणि काही न सुचून म्हणाला, “रंजू, तू एका किल्ल्याच्या तटाखाली उभी आहे. वरतं पहारेकरी आहे. काय करशील?”

ती भिंतीकडे पाहतच म्हणाली, “पहारेकऱ्याचं तोंड कोणीकडं आहे?”

तिथून सुरुवात झाली. तिने आपले पात्र सांगितले, विनोदने कागदावर लिहून घेतले. नाव काजवी. काम हेरगिरीचे. अंगाने काडी, पायाने चपळ, अंधारात दिसणारी. तटावर चढायचे की नाल्यातून घुसायचे याचा विचार करता करता रंजीताची एकेक दुपार निघून जाऊ लागली. कळ जात नसे, पण ती कळ सोडून दुसऱ्या कशाचा तरी विचार करत असे.

पुढे खेळात आणखी दोघे आले. दीपिका कन्नाके ही एसटीची कंडक्टर, भद्रावती–चंद्रपूर गाडीवर. आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून सुटे पैसे काढतो. तिने चिलखत घातलेली तलवारबाज घेतली आणि नाव ठेवले खडगी. दुसरा आयुष. आयुध निर्माणीच्या कॉलनीत राहणारा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा. त्याचे पात्र एक मांत्रिक. आयुषला नियम फार प्रिय. कुठला मंत्र किती हात लांबवर चालतो हे विनोदच्या आधी तो सांगे. जो खेळायला येईल त्यालाच अनुभवाचे गुण मिळतील, हा नियमही त्यानेच सगळ्यांकडून कबूल करून घेतला होता. तेव्हा कुणाला त्यात वावगे वाटले नाही. रविवारी दुपारी देवगड्यांच्या पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर खेळ रंगे आणि आई मधूनच लाखोळीच्या डाळीचे वडे आणून ठेवत म्हणे, “राक्षसाले पण द्या एखादा.”

मग रंजीताच्या कमरेचे हाड झिजायला लागले. त्याच वर्षी छातीत कळ येऊन ती दोनदा दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, नागपुरातच राहा, वारंवार यावे लागेल. ती मावशीकडे जाऊन राहिली. निघताना तिने बजावले, “माह्यासाठी खेळ थांबवू नका. मी आलो की धरतो तुमाले.”

ते थांबले नाहीत. वर्ष गेले. काळडोह नावाच्या किल्ल्यापर्यंत पोहोचायला खडगीने आणि मांत्रिकाने सारे जंगल पालथे घातले. दोघे नवव्या लेव्हलला गेले. काजवीचा कागद विनोदच्या फाइलमध्ये तसाच राहिला. लेव्हल तीन.

डिसेंबरच्या सुरुवातीला रंजीता परत आली. काठी टेकत, चेहरा उतरलेला, पण डोळे तेच. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारले, “रविवारी किती वाजता?”

विनोद त्या रात्री काजवीचा कागद काढून बसला. त्याने मनातल्या मनात मांडून पाहिले. नवव्या लेव्हलच्या दोघांसमोर जे राक्षस उभे करायचे, त्यांच्या एका फटक्यात तिसऱ्या लेव्हलचे पात्र भुईसपाट. राक्षस लहान केले तर बाकीच्यांना त्यात राम नाही. काजवीला मागे ठेवायचे म्हणावे, तर वर्षभर मागे राहून आलेल्या मुलीला तेच पुन्हा कसे सांगायचे?

“रंजू, मी काजवीले सरळ नववी लेव्हल देऊन टाकतो,” तो म्हणाला. “वर्षभर ती दुसऱ्या गावाले होती, तिथी लढली, असं समजू.”

“कुठी लढली? मावशीच्या घरी?” रंजीता हसली. “नको. मले फुकटचं काई नको. तीन आहे तर तीन.”

“एका फटक्यात जाईल ती.”

“जाईल तर जाईल, दादा. खेळच आहे ना?”

खेळच होता. विनोदलाही ते माहीत होते. पण लॅबमध्ये रंजीताचा रिपोर्ट काढताना हिमोग्लोबिनचा आकडा मशीनवर उमटेपर्यंत त्याचा श्वास जसा अडकतो, तसाच पहिल्या रविवारी अडकला. मंदिराच्या भग्न ओवरीत सांगाड्यांनी तिघांना घेरले. त्यातला एक काजवीकडे वळला. विनोदने फासा टाकला. खेळवणाऱ्याचे फासे इतरांना दिसू नयेत म्हणून तो टेस्ट किटच्या खोक्याचा पुठ्ठा समोर उभा करून बसे. पुठ्ठ्यामागे फासा अठरावर थांबला.

“चुकला,” विनोद म्हणाला. “भाला तुह्या कानाजवळून गेला.”

एकदा म्हटले, मग दुसऱ्यांदा सोपे गेले. त्या रविवारी आणि पुढच्याही रविवारी बाण, भाले, नख्या सगळे काजवीच्या आजूबाजूने जात राहिले. खडगीला मार बसे, मांत्रिक भाजून निघे, काजवीला साधा ओरखडा नाही. विनोदला वाटले, निभावले. तरी रविवार रात्रीपासूनच त्याला पुढच्या रविवारची धास्ती लागे. खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटे लक्षातही ठेवावे लागते. कुठे किती चुकवायचे, एखाद्या वेळी थोडे लागू द्यायचे का, लागू दिले तर किती, असे हिशेब तो सुई टोचतानाही करू लागला. एका आजीने तर विचारलेच, “काऊन गा पोरा, दोनदा टोचून राह्यला आज?”

त्याच आठवड्यात आयुष लॅबवर आला. त्याच्या डोक्यात एक तोडगा होता.

“भाऊ, आपला नियम आठवतो? नवं पात्र आलं तर ते बाकीच्यांपेक्षा एक लेव्हल कमी घेऊन सुरू होते. म्हणजे रंजीताताईनं नवं पात्र घेतलं तर सरळ आठवी लेव्हल. नियमात बसते. फकस्त काजवीले मरू द्या.”

विनोदच्या हातात रक्ताची नळी होती. ती त्याने स्टँडमध्ये ठेवली आणि दुसरी उचलायच्या ऐवजी तीच परत उचलली.

“असं बोलू नको,” तो म्हणाला.

“पात्राबद्दल बोलून राह्यलो, भाऊ.”

“माहीत आहे मले कोणाबद्दल बोलून राह्यला. तरी बोलू नको.”

आयुष गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने तोच तोडगा फोनवर रंजीताला सांगितला, अगदी सरळ मनाने, तिच्या भल्यासाठी. बुधवारी संध्याकाळी विनोद कामावरून आला तेव्हा ती अंगणात सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. काठी खुर्चीला टेकवलेली. वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची बारीक धूळ होती. आई ते झटकून आत घेऊन गेली.

“आयुषचा फोन आला होता,” रंजीता म्हणाली. “काजवीले मारून टाक, दुसरी घे, म्हणे. आठव्या लेव्हलची. धडधाकट.”

विनोद मोटरसायकलचा थंड डबा सोडवू लागला.

“मी त्याले म्हटलं, काजवी मी बनवली तेव्हा मले पेन धरता येत नव्हता. दादानं लिहिलं, मी सांगतलं. तिले टाकून दुसरी घ्याची म्हणजे कसं? चांगली नाई म्हणून टाकाची? मले नाई जमत.” तिने दोन शेंगा सोलल्या. “हे त्याले सांगतलं. आता तुले एक विचारतो. सांगाड्याचा भाला खरंच चुकला होता?”

विनोद बूट काढत होता. त्याचा हात नाडीवरच राहिला.

“एक चुकला असता, दोन चुकले असते,” ती म्हणाली. “दोन रविवार झाले, माह्या अंगाले काई लागून नाई राह्यलं. तिसऱ्या लेव्हलले असं नसते, दादा. मले काई कळत नाई का?”

“तू वर्षभरानं आली. पहिल्याच दिवशी कसा मारू तुले?”

“मले नाई. काजवीले.”

“मले ते वेगळं करता नाई येत, रंजू!” तो ओरडला, आणि ओरडल्याचे त्याचे त्यालाच इतके वाईट वाटले की तो पायरीवर बसला. आई दारात येऊन पुन्हा आत गेली.

रंजीताने सूप बाजूला ठेवले. “सकाळपासून सगळे मले विचारतात, पाणी पेली का, स्वेटर घातला का, दुखते का. मावशी विचारे, आई विचारते, तू लॅबमधून फोन करतं. मी काई म्हणत नाई, बाप्पा. बरोबरच आहे तुमचं. पण त्या टेबलावर मले कोणी विचारत नव्हतं. तिथी मी भिंतीवर चढत होतो. पडलो तर पडत होतो. आता तिथी पण तू मले स्वेटर घालून राह्यला.”

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढले. मग ती म्हणाली, “रविवारी पुठ्ठा काढ.”

तो आठवडा विनोदला फार जड गेला. त्याने दोनदा ठरवले की आजारी असल्याचे सांगून खेळ पुढे ढकलावा. काळडोहाच्या पाणदारावर, म्हणजे डोहाकडच्या दारावर, झिपऱ्या नावाचा राक्षस पहाऱ्याला होता. तो किल्ल्याचा शेवटचा अडसर, आणि नवव्या लेव्हलच्या दोघांनाच तो जेमतेम आवरण्यासारखा. त्याला बदलावे असेही मनात आले. झिपऱ्याऐवजी एखादे कुत्रे? पण आयुष एका वाक्यात ओळखेल, आणि रंजीता त्याच्याही आधी.

रविवारी दीपिका ड्युटी आटोपून खाकी कपड्यांतच आली. आयुष वेळेच्या आधीच आला होता आणि रंजीताशी नजर चुकवून बसला होता. रंजीताने त्याच्यापुढे वड्यांची ताटली सरकवली. “घे. रागावलो नाई मी.” त्याचे कान लाल झाले.

विनोदने पुठ्ठा उचलून दिवाणामागे ठेवला. दीपिकाने भुवया वर केल्या. “हे काऊन?”

“आजपासून सगळे फासे उघड्यावर,” विनोद म्हणाला. तो गोष्ट सांगू लागला.

डोहाच्या काळ्या पाण्यातून तिघे पाणदारापाशी आले. दाराला आतून जाड अडणा होता. लोखंडी जाळीतून फक्त काजवी आत शिरू शकत होती. “मी जातो,” रंजीता म्हणाली. ती आत गेली, अडणा सरकवला, दार किलकिले झाले. आणि झिपऱ्या जागा झाला.

खडगी दारात उभी राहून लढू लागली. मांत्रिकाने आग फेकली. झिपऱ्याने मान वळवली, तर सगळ्यात जवळ काजवी. विनोदने फासा हातात घेतला. तळहाताला घाम होता. टेबलावर फासा गडगडला. एकोणीस.

आता चुकला म्हणायला जागा नव्हती.

“लागला,” तो म्हणाला. मार किती ते पाहायला दुसरे फासे टाकले. “बावीस.”

“माहा जीव अठरा,” रंजीता म्हणाली. तिने काजवीचा कागद पालथा घातला. “पडली.”

पात्र पडले म्हणजे लगेच मेले असे नाही. दर फेरीला खेळणाऱ्याने स्वतः फासा टाकायचा. दहा किंवा वर आले तर तग धरला, खाली आले तर एक पाऊल मरणाकडे. तीनदा खाली आले की संपले. रंजीताने पहिला फासा टाकला. चार. पुढच्या फेरीला तेरा. त्याच्या पुढच्या फेरीला सात. बाहेर हायवेवरून ट्रक घरघरत जात होते.

आयुष भराभर हिशेब करत होता. “दीपिकाताई, आणखी दोन फेऱ्या दारात थांबा. झिपऱ्या संपते. किल्ला आपला. रंजीताताईले त्या दोन फेऱ्या तग धराचा आहे, तेवढी जोखीम... तेवढं चालते.”

“आणि तिसऱ्यांदा फासा खाली आला तर?” दीपिकाने विचारले.

“म्हणून तर म्हटलं, चालते म्हणजे... वर्ष लागलं ना इथी याले.”

“खडगी दार सोडते,” दीपिका म्हणाली. “आत जाते, काजवीले खांद्यावर घेते आणि बाहेर.”

“दीपिकाताई, नको!” रंजीता म्हणाली. “किल्ला जाईल. तुमी घ्या किल्ला. मी पाहून घेतो माह्यं.”

“तू पडेल आहे. पडेल माणसानं बोलू नाई.” दीपिका आयुषकडे वळली. “माह्या गाडीतला पॅसेंजर पायरीवरून खाली पडला, तर मी डबल बेल मारून पुढे जात नाई, आयुष. गाडी लेट झाली तर झाली. तुह्याजवळ एक मंत्र उरला आहे. तो राक्षसाले मार नको, त्याची वाट अडव.”

आयुषने आपल्या कागदाकडे पाहिले. तो शेवटचा मंत्र त्याने किल्ल्यासाठी कितीतरी रविवार जपून ठेवला होता. “अडवतो,” तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला त्रास झाला हे सगळ्यांना दिसले.

खडगी काजवीला उचलून पाण्यात शिरली. काठावर जडीबुटीची पिशवी होती, तिथे पोहोचले की काजवी वाचणार. पण पोहोचायच्या आत फेरी फिरली होती. नियमाने एक फासा बाकी होता.

विनोदला तो मागायचा होता. त्याने लाल फासा तिच्यापुढे सरकवला. मग तो म्हणाला, “टाक, रंजू.”

तिने टाकला. फासा टेबलाच्या कडेवरून उडाला आणि दिवाणाखाली गेला.

“हात लावू नका कोणी!” आयुष ओरडला. “खाली पडलेला फासा जसा आहे तसाच धराचा, असं ठरलं आहे.”

विनोद गुडघ्यांवर आला, मग पोटावर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड पाडून दिवाणाखाली पाहू लागला. जुनी चप्पल, धूळ, आणि पार भिंतीशी तो लाल फासा. उजेड नीट पडेना. तो आणखी आत सरकला. वरच्या बाजूला दोन रेघा होत्या. एक आणि एक.

“अकरा,” तो म्हणाला.

दिवाणाखालून त्याला फक्त पाय दिसत होते. दीपिकाचे कामावरचे बूट, आयुषच्या सँडल, आणि काठीच्या शेजारी रंजीताचे मोजे घातलेले पाय. कमरेमुळे तिला खाली वाकता येत नव्हते. फासा पाहणारा एकटा तो होता, आणि दोन रविवार तिच्याशी खोटे बोललेलाही तोच होता. खरे बोलूनही तोंडात खोट्याचीच चव आली.

तो बाहेर निघाला. केसांना जाळे लागले होते. रंजीता त्याच्याकडे एकटक पाहत होती. ती आयुषला सांगू शकली असती, तू पाहा. दीपिकाला सांगू शकली असती.

“बरं,” ती म्हणाली. “मंग काठावर काय होते?”

काठावर खडगीने काजवीच्या तोंडात पाला पिळला आणि काजवीने डोळे उघडले. मागे काळडोहाचे दार पुन्हा बंद झाले, आतून नवा अडणा पडला. किल्ला गेला. वर्षभराची मेहनत पाण्यात गेली असे म्हणायलाही कुणी उरले नाही, कारण आयुष दिवाणाखाली हात घालून फासा काढण्यात गुंतला होता आणि दीपिका दोन्ही हातांनी वडे खात होती. विनोद उठून मागच्या अंगणात गेला आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिला. आई मोरीशी भांडी घासत होती. तिने विचारले, “काय झालं, गा?”

“काई नाई. वाचली.”

“कोण?”

तो पुन्हा नळाखाली वाकला.

त्या दिवशीच्या गुणांनी काजवी चौथ्या लेव्हलला गेली. बाकीचे नऊवरच राहिले. किल्ला सोडल्याबद्दल रंजीता दोन दिवस दीपिकावर फुगून होती. मग दीपिकाने तिला आपल्या गाडीने चंद्रपूरला नेऊन कंडक्टरच्या सीटशेजारी बसवून परत आणले, तेव्हा राग निवळला. खेळ चालू राहिला. फासे उघड्यावरच पडत, काजवीला लागे, ती पडे, उठे. विनोदच्या हाताला घाम यायचा काही थांबला नाही. रविवारी सकाळी त्याला अजून जेवण जात नाही.

जानेवारीच्या शेवटी थंडी वाढली आणि रंजीताला पुन्हा कळा सुरू झाल्या. चंद्रपूरच्या दवाखान्यात भरती करावे लागले. दीपिका आणि आयुष म्हणाले, ती बरी होईपर्यंत थांबू. रंजीताने सलाईन लागलेल्या हाताने फोन धरला आणि म्हणाली, “मागच्या वर्षी मी म्हटलं थांबू नका, तर तुमी मले सोडून नऊवर गेले. ती माही चूक. आता थांबू बी नका, सोडून बी जाऊ नका. इथूनच खेळतो.”

म्हणून त्या रविवारी भेटीच्या वेळेत विनोद खाटेशेजारच्या स्टुलावर बसला. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, त्यात दीपिका आणि आयुष. रंजीता जेवणाच्या थाळीत फासा टाकायची, टण्ण वाजायचा. कळ उठली की ती डोळे मिटून बोट वर करायची आणि सगळे थांबायचे. विनोद सलाईनच्या थेंबांकडे पाहायचा. बोट खाली आले की गोष्ट पुढे.

शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडची एक मुलगी होती, तिलाही हाच आजार. तिची आई सोमारीबाई पायथ्याशी बसून सगळे ऐकत होती. तिला मराठी पुरते येत नव्हते, पण कुणाला तरी फार लागले आहे आणि कुणीतरी त्याला वाहून नेत आहे, एवढे तिच्या लक्षात आले होते. भेटीची वेळ संपली, विनोदने फोन बंद केला आणि तो जायला उठला, तेव्हा तिने त्याच्या बाहीला हात लावला.

“भाऊ, ते पोरगी कुठली?”

विनोदने फोन खिशात ठेवला. “जंगलातली आहे, बाई.”

“लई लागलं तिले.”

“हाव.”

“वाचंल का?”

विनोदने मागे पाहिले. रंजीता थाळीतला फासा उशीखाली ठेवून या कुशीवरून त्या कुशीवर वळायचा प्रयत्न करत होती. त्याने जाऊन तिच्या पाठीला हात दिला, उशी नीट केली. मग तो सोमारीबाईंकडे वळला.

“आतापर्यंत तर वाचली आहे, बाई,” तो म्हणाला. “उद्या येतो, तेव्हा सांगतो.”